पिन जागेवर ठेवणारा चोर

नोकरीत चोऱ्या पोत्याने पाहिल्या. पण मुद्देमाल सापडल्यावर फिर्यादीलाच घाम फुटला, अशी चोरी एकच. तिची आठवण निघाली की मला आजही हसू येतं, आणि अंगावर काटाही येतो.

तेव्हा मी भोपाळमध्ये टीआय होतो, म्हणजे ठाण्याचा प्रमुख. गुरुवारी सकाळी हजेरी चालू असताना एक गृहस्थ तणतणत आत शिरले. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर हौशी स्वयंसेवकांची एक ग्लायडर संस्था होती, तिचे हे सचिव. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनचं विमान. जमिनीवरचं यंत्र लांबलचक पोलादी दोर झपाट्याने गुंडाळतं आणि विमान पतंगासारखं वर चढतं. तो दोरच गायब झाला होता. सोमवारी वार्षिक उड्डाण प्रशिक्षण सुरू व्हायचं होतं, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती.

"चौकीदाराला उचला," सचिव म्हणाले. "भंगारात विकला असणार त्याने. मला सोमवारच्या आत दोर पाहिजे."

माझा स्वभाव तापट. फिर्यादी सोबत आरोपीही तयार करून आणतो तेव्हा माझं डोकं फिरतं. "तपास तुम्ही करणार की मी?" असं विचारलं, तेव्हा कुठे गडी खुर्चीत बसला. रोजनाम्यात नोंद केली, गुन्हा दाखल केला आणि हवालदाराला घेऊन जागेवर गेलो.

शेडचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे: चौकीदार, सचिव आणि यंत्रांची देखभाल करणारे एक निवृत्त तंत्रज्ञ. दोर गुंडाळायचं यंत्राचं पिंप रिकामं होतं. दोर ज्या कडीने अडकवतात ती कडी मात्र खिळ्याला नीट टांगलेली, तिची पिन परत जागेवर बसवलेली, आणि वर तेलाचं बोटही फिरवलेलं! भंगारचोर आरीने तुकडे करतो आणि पोबारा करतो. गंज चढू नये म्हणून कडीला तेल लावणारा चोर मी काही पाहिला नव्हता.

"हा चोर नव्हे रे, हा मेकॅनिक आहे," मी हवालदाराला म्हणालो.

तरी गोविंदपुऱ्यातल्या माझ्या खबऱ्याला विचारून घेतलं. तो भंगारवाला. दुपारीच त्याचा फोन आला. "साहब, माल बाजार में आया ही नहीं. पर बाजूवाली वर्कशॉप में एक बुजुर्ग मराठी साहब आए थे. पूछ रहे थे, लोहे का रस्सा मशीन पर खिंचवाके तुड़वाना हो तो कितना लगेगा." चोरलेला दोर कोण कशाला तोडून बघेल? मी थेट इंद्रपुरी गाठली. ते तंत्रज्ञ काका तिथेच राहत होते.

काका मूळचे वऱ्हाडातले. सगळी नोकरी इथल्या मोठ्या कारखान्यात गेलेली. मीही मूळचा नागपूरकडचा, त्यामुळे चहा आला, गावाकडच्या गप्पा झाल्या. दोराचं नाव काढताच मात्र काकांनी बशी खाली ठेवली.

"मला काय ठाऊक जी," ते म्हणाले.

आयुष्यभर खरं बोललेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही, आव आणला तरी चेहरा चुगली करतो. मी दटावलं नाही. नुसता उठलो आणि म्हणालो, "ठीक आहे काका. मग संध्याकाळी चौकीदाराला आत टाकतो. त्याला जामीन द्यायलाही कोणी नाही म्हणे."

"अरे बाप्पा, त्याला काऊन?" काका ताडकन उठले. "त्याचा काही संबंध नाही. मी नेला दोर. मीच नेला!"

आतल्या खोलीत दिवाणाखाली दोर होता. गोल वेटोळं, चार ठिकाणी बांधलेलं, वर जुनी चादर. मग काकांनी कपाटातून एक फाईल काढून माझ्यापुढे आपटली. तीन वर्षं ते सचिवांना पत्रं देत होते: दोराच्या आतल्या तारा तुटत आहेत, दोर बदला. दर वर्षी बजेटच्या बैठकीत तो विषय यायचा आणि 'पुढील वर्षी विचार करू' म्हणून खोडला जायचा. यंदा त्या जागी मंडप आणि पाहुण्यांच्या सत्काराचा खर्च बसला होता.

"कमी उंचीवर दोर तुटला, तर सावरायला वेळ नसतो साहेब. बोलून बोलून जीभ झिजली माझी."

"मग आमच्याकडे का नाही आलात?"

"दोर म्हातारा झाला म्हणून तुम्ही गुन्हा लिहून घेतला असता?"

काका खाली बसले आणि हळूच म्हणाले, "सोमवारच्या यादीत पहिलं नाव कोणाचं आहे, माहीत आहे? सचिवांच्याच पोरीचं."

पण नुसत्या सांगण्यावर पोलीस विश्वास ठेवत नाही. दोर जप्त केला. शुक्रवारी सचिवांची लेखी संमती घेऊन, पंचांसमक्ष, त्याचा एक तुकडा गोविंदपुऱ्यातल्या त्या वर्कशॉपमध्ये मशीनवर चढवला. वरून दोर ग्रीसने चकचकत होता. सचिव कुत्सित हसत म्हणाले, "बघा, नव्यासारखा आहे." काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. काटा चढू लागला. दोराने जेवढा भार पेलायला हवा त्याच्या निम्म्यावरही पोचला नसेल, आणि फाडकन आवाज झाला. तुटलेल्या टोकातून तपकिरी गंजाचा भुगा खाली पडला.

सचिवांनी ते टोक उचलून पाहिलं. "सोमवारी माझी मुलगी..." एवढंच म्हणाले. त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. मला मात्र इतका आनंद झाला की पंचांच्या देखत मी काकांना मिठी मारली. वर्दीत, हो!

अप्रामाणिक हेतू नाही, म्हणून मी खात्मा पाठवला, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल. वरिष्ठ भडकले. "चोर सापडला, माल सापडला, आणि खात्मा?" मी तुटलेला तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि काकांची पत्रं वाचून दाखवली. तिसऱ्या पत्राला त्यांनी सही करायला पेन मागितलं.

संस्थेने मंडप रद्द केला, सत्कार रद्द केला आणि नवा दोर आणला. तीन आठवड्यांनी प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हा मलाही बोलावणं होतं. काकांनी दोर हातभर हातभर फडक्यातून ओढून तपासला आणि मगच यंत्र चालू करायला हात वर केला. सचिवांची मुलगी प्रशिक्षकाबरोबर बसली. दोर ताणला गेला, ग्लायडर उचललं, सरळ आभाळात! सचिवांनी शेजारी उभ्या काकांचा दंड घट्ट धरला होता. वर गेल्यावर ठरल्याप्रमाणे दोर सुटून खाली पडला, पोरगी निवांत तरंगू लागली, तेव्हा कुठे त्यांनी दंड सोडला. मग टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्ला. खाली उतरल्यावर पोरगी म्हणाली, "काका, चोरी मस्त जमते हं तुम्हाला!" काका लाजून लाल झाले.

गुन्हा घडला की फायदा कोणाचा, हे आम्ही आधी शोधतो. ते बरोबरच आहे. पण त्या प्रकरणानंतर मी आरोपीला आणखी एक विचारू लागलो: हे करण्याआधी कोणाला सांगून पाहिलं होतंस का? बहुतेक जण गोंधळून बघत राहायचे. पण एखाद्याने "सांगितलं होतं साहेब" म्हटलं, की मी पेन खाली ठेवायचो आणि त्याला पहिल्यापासून बोलू द्यायचो.