मामांच्या वहीतला रिकामा रकाना

बापूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बसस्टँडवर, लातूरच्याच गाडीत बसलेलो होतो. त्यांच्यापुढं एक कबुली द्यायला निघालो होतो... सहा वर्षं पुढं ढकललेली. मामी एवढंच म्हणाली, "गाडीत बसला असशील तर उतरू नको. ये."

मामा रेणापूरजवळच्या आमच्या आजोळी शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाचा इतिहास लिहायला घेतला. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकायचं, लिहायचं, त्यांनाच वाचून दाखवायचं आणि वहीतल्या 'कुणी सांगितलं' या रकान्यात, समोर बसवून, सही नाहीतर अंगठा घ्यायचा. शेजारची कोंडाबाई एकदा म्हणाली, "अंगठा उद्या देते की, गुरुजी." मामा म्हणाले, "आन् उद्या मीच नसलो तर?" आम्ही हसायचो. मी जरा जास्तच... भाचेपणाचा हक्क म्हणून.

त्याच हक्कानं, एका दिवाळीत त्यांची फिरकी घ्यावी म्हणून, नेटवरच्या ज्ञानकोशात गावाच्या पानावर मी एक ओळ घातली : गावच्या बारवेतून औशाच्या किल्ल्यापर्यंत भुयार आहे. चार लोकांनी वाचलेलं माझं आयुष्यातलं हे एकमेव लिखाण. मामांना दाखवायचं, दोघांनी हसायचं आणि पुसून टाकायचं, असं ठरवलं होतं. विसरलो. विसरण्यात मी पटाईत. बायको साक्ष देईल.

लोक मात्र ती ओळ विसरले नाहीत. एका पेपरानं ती उचलली, पेपर वाचून ग्रामपंचायतीनं बारवेवर फलक लावला, आणि ज्ञानकोशात माझ्या थापेखाली संदर्भ म्हणून त्याच पेपराची बातमी येऊन बसली. मामांनी ओळ काढली की कुणीतरी परत घालायचं. "अरे, मधी अख्खं लातूर येतंय की!" मामा पारावर तळमळून सांगायचे. "भुयार लातूरखालून गेलं असतं, तर खणणाऱ्याला पाणी लागलंच असतं. मग लातूर तहानलेलं कसं ऱ्हायलं?" सरपंच हसून म्हणायचा, "नेटवर हाय, गुरुजी. तुमच्या वहीला कोण विचारतंय?" हळूहळू खरंच कुणी विचारेना. अंगठा द्यायला येणारं माणूसही थांबलं. आणि मी नांदेडात गप्प.

लातूरच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती. थांबत थांबत म्हणाले, "ती ओळ पहिल्यांदा कुणी घातली असंल रे? एकडाव समोर बसला असता... मी रागावलो नसतो. सही घेतली असती फकस्त."

मी मोसंबी सोलत होतो. "कुणास ठाऊक," म्हणालो, आणि एक फोड त्यांच्या हातात दिली.

मामांचे दिवस झाल्यावर ती ओळ मी काढली. कारण लिहिलं : हे मीच रचलं होतं. अर्ध्या तासात ओळ परत. खाली शेरा, संदर्भ असलेला मजकूर काढू नये. आपल्या म्हणण्याला पुरावा द्यावा. पुन्हा काढली, पुन्हा आली. माझ्याच थापेपुढं माझं खरं टिकेना. पुरावा मी एकटाच, आणि ज्यानं माझा शब्द ऐकून लिहून घेतला असता, तो माणूस गेला...

मामीनं ती वही मला दिली. भुयाराची नोंद सापडली. मामांच्या टपोऱ्या अक्षरात सगळे रकाने भरलेले, 'कुणी सांगितलं' तेवढा कोरा. आजोळी गेलो की मी त्यांच्या टेबलाशी बसतो, पेनाचं टोपण काढतो. समोर त्यांची खुर्ची. सही समोर बसून करायची असते... मी टोपण पुन्हा लावतो.