सीटमध्ये दिसलेला चेहरा

व्हॉल्व्ह बंद होता आणि तरीही पाणी टपकत होतं. टेस्ट बेंचसमोर फर्नांडिस साहेब हाताची घडी घालून उभे होते. ते एका जहाज कंपनीचे इंजिनियर, खास मुंबईहून आलेले. त्यांचं जहाज दुरुस्तीला गोदीत आणि त्याचे व्हॉल्व्ह आमच्याकडे इंदूरला. इथून समुद्र किती लांब, ते विचारू नका.

आमचं वर्कशॉप मूळचं डेअरीच्या कामाचं. ती कामं आटत चालली, म्हणून मालक मनोहरजींनी खटपट करून जहाजाचं हे पहिलं काम मिळवलं. मी तिथली क्वालिटी इंजिनियर. हा लॉट फेल झाला तर फर्नांडिस साहेब माल उचलून नेणार आणि आमची एक शिफ्ट बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

व्हॉल्व्ह ब्रॉन्झचे होते, कारण खाऱ्या पाण्यात लोखंड टिकत नाही. आत एक गोल कडं असतं, ती सीट. चाक फिरवलं की वरून डिस्क येऊन तिच्यावर बसते आणि पाणी थांबतं. हे नीट जुळावं म्हणून बारीक पेस्ट लावून दोन्ही भाग घासतात, त्याला लॅपिंग म्हणतात. जहाजाच्या तळाचा व्हॉल्व्ह गळला तर समुद्र सरळ इंजिनरूममध्ये. म्हणून लॅपिंग मी आदल्या दिवशी स्वतः तपासलं होतं.

"ताई, पॅकिंग ढीली असेल, और क्या," मनोहरजी हळूच म्हणाले. पॅकिंग म्हणजे चाकाच्या दांड्याभोवती भरलेली दोरी; पण पाणी आतून येत होतं. व्हॉल्व्ह खोलला तर सीटमध्ये मला माझा चेहरा दिसला.

लॅपिंग केलेली सीट मळकट दिसते. चेहरा दिसला म्हणजे तिच्यावर बफचं, पॉलिश करायचं कापडी चाक फिरलं होतं, आणि आमच्याकडे बफ चालवतात ते रामेश्वरजी. डेअरीच्या व्हॉल्व्हची आतली कड न् कड चमकावी लागते, नाहीतर तिथे दूध साचून नासतं. त्यांचा सारा जन्म त्यातच गेलेला.

"मैडमजी, माल बाहर जा रहा था," ते म्हणाले. "मटमैला कैसे जाने देते? इंदौर का नाम है."

मला आधी संताप आला, मग हसू. बफने सीटची कड गोल होते. डोळ्यांना कळतही नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतं.

मनोहरजींच्या मते पॅकिंगवर ढकलून वेळ काढायचा. मी ऐकलं नाही. जे घडलं ते साहेबांना सांगून टाकलं. त्यांनी सीटच्या कडेवरून नख फिरवलं आणि घड्याळ पाहिलं.

"शाम की फ्लाइट है मेरी," ते म्हणाले. "तब तक करके दिखाइए."

मग सगळं वर्कशॉप लॅपिंगला बसलं. सर्वांत आधी रामेश्वरजी बसले. घासायचं, सीटला निळा रंग लावायचा, डिस्क टेकवायची. डिस्कवर निळं वर्तुळ अखंड उमटलं तर जुळलं, तुटक आलं तर पुन्हा घासायचं. मनोहरजींनी तोवर मल्हारगंजातून कचोऱ्या मागवल्या. साहेबांनी पहिली भिडेखातर खाल्ली, बाकीच्या मनापासून.

एकेक व्हॉल्व्ह बेंचवर चढत गेला. शेवटच्याच्या वेळी साहेबांनी व्हॉल्व्हच्या तोंडाशी बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं होतं. त्यांनी सही केली.

निघताना त्यांनी बजावलं, की समुद्रात ब्रॉन्झवर तपकिरी थर चढतो, तोच त्याला जपतो, तेव्हा पुढच्या वेळी बाहेरूनही चमकवू नका. मनोहरजींना त्यातलं फक्त 'पुढच्या वेळी' ऐकू आलं.

पुढचा लॉट आला तेव्हा पेटीत वरच एक काळवंडलेली पितळी घंटा होती, जहाजावरची. मी फोन लावला.

"व्हॉल्व्ह को कोई बफ न लगाए," फर्नांडिस साहेब म्हणाले. "घंटी रामेश्वरजी के लिए है."

त्या लॉटचा एकही व्हॉल्व्ह गळला नाही. चांगल्या कारागिराचा हात नुसता अडवून भागत नाही, त्याला दुसरं काही द्यावं लागतं. घंटेत आता अख्खं वर्कशॉप दिसतं.