मुळांवरच्या गाठी

रोपवाटिकेतल्या मावशी लेकीच्या बाळंतपणावरून दोन महिन्यांनी कामावर आल्या आणि त्यांचं डोकंच फिरलं. खाणीच्या उजाड मातीत लावायची झुडपं त्या वीस वर्षं वाढवत होत्या: चिमूटभर स्फुरद खत, बेताचं पाणी, आणि युरियाला हात नाही. नव्या साहेबांनी मात्र युरिया आणि दोन वेळचं पाणी देऊन नवी रोपं फुगवली होती. मावशींची खुरटी रोपं त्यांनी कालच उकिरड्यावर फेकायला लावली होती.

"बघा, कशी तरारलीत!" साहेब म्हणाले.

मावशींनी एक पिशवी टराटरा फाडून मुळं धुतली. "हवेतलं नत्र खेचणाऱ्या गाठी कुठायत? एकही नाही! युरियातून नत्र आयतं मिळाल्यावर कोण कशाला हातपाय हलवेल? खाणीवर यांना भरवायला तुम्ही जाणार का?"

मावशी तरातरा उकिरड्यावर गेल्या आणि एक खुरटं रोप घेऊन आल्या. मुळं गाठींनी लगडली होती. नखाने एक फोडली, तर आत लालसर गुलाबी.

"आत लाली, म्हणजे गाठ कामाला लागलेली. हे राबणारं," त्या म्हणाल्या. "आता सांगा, उकिरड्यावर कुणाला टाकायचं?"