आप्पांचा पिवळा

शहापुरात पिवळ्या रंगाला माझ्या वडिलांचं नाव होतं. 'नागोजीचा पिवळा' म्हटलं की पेठेतला व्यापारी साडी उलगडून बघायच्या भानगडीत पडत नसे. आप्पा मागावर साड्या विणायचे आणि सूतही स्वतःच रंगवायचे. गल्लीतल्या सगळ्यांनी डब्यातला विलायती रंग जवळ केला, आप्पांनी मात्र पळसाची फुलं, डाळिंबाची साल आणि तुरटी सोडली नाही. त्यांची नखं बारा महिने पिवळी असायची. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच वडिलांची नखं अशी असतात.

दुसरी मोठी लढाई पेटायच्या आदल्या साली माझं लग्न निपाणीला ठरलं. हळदीच्या साडीला कुणी बघितला नाही असा पिवळा देणार, असं आप्पांनी चारचौघांत सांगून टाकलं, आणि तिथंच घोडं अडलं. एकही पिवळा त्यांच्या मनास येईना. अंगणात रंगवलेल्या सुताच्या लडी वाळायच्या, आप्पा बघायचे, नाक मुरडायचे.

"पोरगी म्हातारी व्हईल, पण तुमचं सूत वाळायचं न्हाय," आई म्हणायची. आई म्हणजे मालुबाई. तिची जीभ आप्पांच्या मागापेक्षा जलद चालायची.

अशात भरमूकाका आला. वेंगुर्ल्याला मालाची लॉरी न्यायचा, आप्पांचा जुना दोस्त. तोंडाला फडकं बांधलेलं मडकं त्यानं ओसरीवर ठेवलं. आत दोन मासे, तळहाताहून लहान, चपटे. खाडीत ही जात मळकट हिरवी असते म्हणे. जाळ्यात ही दोनच पिवळीधमक निघाली.

"नागोजीअण्णा, तुमचा रंग चोरलाय बघा ह्यांनी!"

आप्पा खाली वाकले ते उठेचनात. "ह्योच," म्हणाले, "ह्योच पिवळा."

लष्करी कॅम्पातला कुणी गोरा साहेब मायदेशी परतताना सामान विकून गेला होता. त्यातली लोखंडी चौकटीची काचपेटी आप्पांनी आणली. मागाच्या दणक्यानं मासे बिचकतील म्हणून ती माजघराच्या खिडकीत बसवली. तळाला नदीची वाळू, आडोशाला कौलाचा तुकडा. खाडीचे जीव म्हणून आईनं विहिरीच्या पाण्यात चिमूट चिमूट मीठ टाकलं, चव घेऊन बघितली आणि थुंकली. शेजारणी विचारायच्या, "तळायचे कधी?" आप्पा रोज सकाळच्या उजेडात ओली लड पेटीला लावून बघायचे. पाचसहा खेपांनी रंग जवळजवळ जुळला. घरात इतका आनंद मी त्याआधी बघितला नव्हता.

आणि एका सकाळी मासे काळवंडले. पोट काळं, पर काळे, वरचा पिवळाही मळलेला. आप्पा पेटीपुढं उकिडवे बसले.

"रंग सुटला," म्हणाले.

त्यांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. कच्चा रंग सुटतो, मग त्याला तुरटी द्यायची. जन्मभर त्यांनी हेच केलेलं. उठले आणि तुरटीचं पाणी पातेलंभर कालवून आणलं. त्या पाण्यानं जीव जगतो का मरतो, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. लग्न तोंडावर आलं होतं आणि बोललेला शब्द हातातून निसटत होता. पातेलं पेटीवर तिरकं झालं तोच आईनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. त्या कौलाकडं बघा आधी."

कौलाच्या अंगाला राळ्याच्या दाण्यांसारखी अंडी चिकटली होती. एक मासा परांनी त्यांना वारा घालत होता, दुसरा राखणीला फिरत होता.

"रंग न्हाय सुटला. लेकरं व्हायला लागलीत त्यांस्नी," आई म्हणाली. "आईबाप झाल्यावर कुणाचं रूप ऱ्हातंय व्हय?"

आप्पांनी पातेलं परसात नेऊन ओतलं.

पुढं पिलं निघाली, डोळ्यांचे नुसते ठिपके. ती आईबापाच्या अंगाला चिकटून त्यांच्या कातडीवरचंच काही खायची, आणि ते दोघे काळे मासे हलायचेसुद्धा नाहीत. आप्पा माग बंद ठेवून तासन् तास बघत बसायचे. साडी झाली, आठवणीतल्या पिवळ्याचीच झाली. पण काठाच्या आत त्यांनी केसाएवढी काळी रेघ विणली. अक्काताई आत्यानं कपाळाला हात लावला, "हळदीच्या साडीत काळं?" आप्पांनी साडीची घडी घालून माझ्या हातात दिली. तीच साडी नेसून मी निपाणीला गेले.

दोन वर्षांनी बाळंतपणाला माहेरी आले. मूल आडवं आलं होतं, सुइणीनं आम्हा दोघींना कसंबसं वाचवलं. उठून बसले तेव्हा डोळ्यांखाली काळं, गालांवर वांग, केस हातात येत होते. आत्या भेटायला आली आणि दारातच म्हणाली, "काय गं ही दशा! कशी उजळ पोर, पार काळवंडली की!"

मला आरशात बघायचा धीर नव्हताच. मी तोंड भिंतीकडं वळवलं.

आप्पा उंबऱ्यात लड सोडवत बसले होते. माझ्याशी फार बोलायची त्यांची रीत नव्हती. लड बाजूला ठेवून ते आत आले आणि तो पिवळ्या नखांचा हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

"रंग सुटला न्हाय तिचा, आक्का," ते आत्याला म्हणाले. "लेकरू हाय पदरात."

मी लेकीला पदराखाली घेतलं आणि पोटभर रडले.