झिजवलेले नाव

लोक पितळ घासतात ते चकाकावे म्हणून. मेजर घासत असे ते झिजावे म्हणून. त्याच्या शोकसभेत एवढी एक गोष्ट माझ्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. आणि ठाऊक नसलेले ठामपणे सांगण्याची आमच्या मंडळींना जुनी खोड आहे.

मेजर हे लोकांनी ठेवलेले नाव. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लष्करी अधिकाऱ्यांची रिव्हॉल्व्हर तो जमवी, म्हणून. इथे परदेशात, वेरिबी उपनगरातल्या त्याच्या घरात मखमली अस्तराच्या लाकडी पेट्या होत्या. प्रत्येकीत रिव्हॉल्व्हर, तेलाची कुपी, नळी साफ करण्याचा गज, गोळ्या ओतण्याचा साचा. स्वतः तो पुलांचा अभियंता. सैन्यात एक दिवसही नव्हता. "मेजर म्हणू नका," तो बजावी. "आमच्या घराण्यात सुभेदार झाला, तेवढा पुरे आहे."

तो सुभेदार म्हणजे त्याचा पणजोबा, धोंडनाक. इंग्रजांसाठी लढला, अंगावर जखमा घेऊन परतला. पुढे त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ज्या पलटणीत बापाने उमेदीची वर्षे घालवली, तिच्या दाराशी त्याच्या मुलाला उभे राहू दिले नाही. हे आम्हा दोघांच्याही घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. पण मी ते ऐकून सोडून दिले, मेजरने सोडले नाही. तो शोधत राहिला आणि धोंडनाकाच्याच पलटणीतील एका कप्तानाची पेटी त्याने मिळवली. झाकणावर पितळी पाटी, पाटीवर साहेबाचे नाव कोरलेले. "हुकूम यानं काढला नसेल," मेजर म्हणे, "पण मुकाट्यानं वाचून तर दाखवला."

दर रविवारी तो चिंच आणि विटेचा चुरा घेऊन बसे. जुने पितळ घासू नये, त्यावरचा काळा थर हीच त्याची पत, हा संग्राहकांचा पहिला धडा. तो त्यानेच मला शिकवला होता.

"अरे, पेटीची किंमत जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे. नाव जातंय का बघ."

"मग कानस मार आणि मोकळा हो."

"त्यांनी आम्हाला एका सहीत पुसलं. याला मी सावकाश पुसणार. कळलं पाहिजे त्याला."

"तो केव्हाच मेलाय."

"म्हणून काय झालं?"

साथ आली आणि घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जाण्यास बंदी झाली. मी पलीकडच्या ट्रुगानिना उपनगरात, तो वेरिबीत. तेव्हा रविवारी फोनच्या पडद्यावर भेटू लागलो. तो पाटी कॅमेऱ्यासमोर तिरकी धरी आणि म्हणे, "वाच." मला वाचता आले की त्याचे तोंड उतरे. एका रविवारी मी चश्मा पुसून पुन्हा पाहिले; काही दिसेना. त्याने फडके खाली ठेवले आणि मुलीला चहा टाकायला सांगितले. त्याच हिवाळ्यात साथीने त्याला नेले. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. मी तो फोनवर पाहिला.

शोकसभाही संगणकावरच झाली. संग्राहकांच्या गटाचा चिटणीस, पुण्याहून इथे विद्यापीठात शिकायला आलेला आणि इथेच स्थिरावलेला तरुण, म्हणाला, "मेजरकाका ग्रेट होते. ब्रिटिशांवर काय प्रेम! फक्त ब्रास पॉलिश करायचा नसतो हे बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. इतका रेअर पीस वाया गेला."

"बिचारा तो नव्हता," मी म्हणालो. "प्रेमही नव्हते. तो सूड होता." आणि धोंडनाकाची हकिकत पहिल्यापासून सांगितली.

"ओके काका, पण सूड म्हणजे जरा जास्तच होतंय," चिटणीस म्हणाला. "आणि नाव तुम्ही वाचलं होतंत ना? तेवढं सांगा. म्हणजे पेटीला तिची हिस्टरी परत मिळेल."

"धोंडनाकालाही हिस्टरी होती. ती तुम्ही कधी विचारली नाहीत."

"काका, मला तरी सांगाल?" मेजरची मुलगी स्नेहा म्हणाली.

"तुला तर मुळीच नाही. बापाचे श्रम वाया घालवशील."

ती रडता रडता हसली. चिटणीस त्यानंतरही फोन करतो, गोड बोलतो, प्रकृती विचारतो. प्रकृती खालावली आहे, असे मी त्याला आनंदाने कळवतो. ते नाव आता फक्त माझ्या डोक्यात शिल्लक आहे. माझ्याबरोबर तेही जाईल, आणि मेजरचे काम पुरे होईल.