जाळीच्या नऊ पट्ट्या

दादा इंग्लंडला शिकायला गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यानं कुणाच्या तरी हाती एक लहानसा पुठ्ठ्याचा डबा पाठवला. मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते आणि दिवाळीच्या सुटीत अकोल्याला घरी आले होते. डब्यात साडेतीन इंच लांबीची, धातूची, हिरवी स्पोर्ट्स गाडी होती. उघड्या टपाची, दोघांपुरती. सोबतच्या चिठ्ठीत दादानं लिहिलं होतं, ‘बाबा, हे खेळणं नाही. इथं मोठी माणसं अशा गाड्या जमवतात. खऱ्या गाडीचा बरोबर त्रेचाळिसावा भाग आहे म्हणतात. तुमच्या नजरेला चूक सापडते का पाहा.’

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. मुलाच्या चित्रात खुर्चीचा एक पाय किंचित आखूड असला तरी त्यांना तो लांबून दिसायचा. त्यांनी गाडी खिडकीतल्या उजेडात ठेवली, भिंग घेतलं आणि दोन दिवस तिच्यामागे लागले. चाकांच्या तारा मोजल्या. दरवाज्याची फट सगळीकडे सारखी आहे का ते पाहिलं. रंग कुठल्याही कोपऱ्यात साचला नव्हता. स्टिअरिंगमागच्या घड्याळांत काटेसुद्धा होते.

“कारागीर आहे,” बाबा म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच निघायचा.

पण खरी गाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. म्हणून त्यांनी ओळखीच्या मोटार मिस्त्रींना घरी बोलावलं. साठीला आलेले मिस्त्री चहा पिता पिता गाडी तळहातावर फिरवत राहिले.

“बाकी सगळं जमलं मास्तर. पण जाळी चुकली.”

“कुठली?”

“हे समोरची. इथं पट्ट्या उभ्या हायेत, अन् खऱ्या गाडीत आडव्या रायतात. मूर्तिजापूरच्या जिनवाल्या शेटजीकडे हेच गाडी हाये. म्या सोता दुरुस्त केली तिले.”

“नक्की?”

“खोटं काहून सांगू तुमाले?”

बाबांचा चेहरा उतरला. चूक सापडावी असं त्यांना वाटत होतं आणि सापडूही नये असंही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही तिघं मूर्तिजापूरला गेलो.

शेटजींनी गाडी चालवणं सोडून दिलं होतं. जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली उभी होती. मिस्त्रींनी ताडपत्री ओढली. पट्ट्या आडव्याच होत्या.

“पाहा,” ते म्हणाले.

बाबांनी टेप काढली, मी एक टोक धरलं. गाडीची लांबी बारा फूट सात इंच. बाबांनी कागदावर गुणाकार केला. लहान गाडीच्या हिशेबानं बारा फूट साडेसहा इंच यायला हवे होते. “अर्ध्या इंचाचा फरक. म्हणजे तिच्यात केसाएवढाही नाही. इतकं मोजून करणारा माणूस जाळी कशी चुकेल?”

मी टेप गुंडाळत समोर वाकले होते. जाळीच्या चौकटीच्या वरच्या कडेला कथिलानं बुजवलेले बारीक ठिपके दिसले. सारख्या अंतरावर. मी बोटानं मोजले. नऊ. बाबांच्या हातातली लहान गाडी घेऊन तिच्या पट्ट्या मोजल्या. नऊच.

“मिस्त्रीकाका, हे काय आहे?”

मिस्त्री खाली बसले. एकेका ठिपक्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

“कापसाच्या बैलबंडीले गाडी ठोकली होती शेटजीनं,” ते म्हणाले. “जाळीचा पार चुरा झाला. तवा पट्ट्या भेटल्या नाहीत. म्या भोकं बुजवली अन् आडव्या लावून देल्या. माह्यंच काम हाये हे, बाई. इतके वर्स जाळी मुळातलीच समजून रायलो.”

त्यांना लाज वाटत होती. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “मिस्त्री, मलाही कळलं नाही. इतकं साफ काम केलं तुम्ही.”

परतीच्या पॅसेंजरमध्ये मिस्त्रींनी लहान गाडी मागून घेतली आणि अकोला येईपर्यंत तिची जाळी न्याहाळत राहिले. उतरताना म्हणाले, “मास्तर, या जाळीचं मोठं चित्र काढून देता का मले?”

बाबांनी भिंगातून पाहून प्रत्येक पट्टी त्रेचाळीस पट मोठी करून आखली. कुठं रुंद होते, कुठं निमुळती होते, सगळं. मिस्त्रींनी आठ दिवसांत पितळेच्या पट्ट्या कापल्या, कानशीनं घासल्या, मुलामा चढवला. माझी सुटी संपायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा मूर्तिजापूरला गेलो. मिस्त्रींनी कथिल काढलं. नऊच्या नऊ पट्ट्या आपापल्या भोकांत बसल्या.

शेटजी येऊन पुढं उभे राहिले. “अशी होती काय ही? मले तर आठवतही नाही.”

“मले तरी कुठं आठवत होतं!” मिस्त्री म्हणाले, आणि पहिल्यांदाच मनमोकळे हसले.