हळू बोला, पोपट ऐकतोय

बिबवेवाडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक काका राहतात. त्यांच्याकडे जायचं तर चपलांबरोबर आवाजही दाराबाहेर ठेवावा लागतो. बेल त्यांनी काढून टाकली आहे, टीव्हीही मुकाच असतो. कुणी जरा मोठ्याने बोललं की ओठांवर बोट ठेवून म्हणतात, "श्श! पोपट ऐकतोय. नवीन काही शिकला तर जुनं विसरेल."

त्याचं जुनं म्हणजे एकच शब्द, "अहो." गॅलरीत पडलेलं ते पिल्लू काकूंनी भिजवलेली डाळ भरवून माणसाळवलं, आणि दिवसभर त्या काकांना मारायच्या ती हाक त्याने उचलली. पक्षाघातानंतर काकूंची वाचा गेली. आता "अहो" पोपट म्हणतो आणि काका "आलो, आलो" करत काकूंच्या पलंगाशी धावतात, पाणी हवंय का बघतात. ती हाक ऐकू आली नाही तर मलाही इकडे चैन पडत नाही.

बरेच दिवस ती आली नाही, म्हणून काल मी पेरू घेऊन गेले.

"आजारी आहे का हो तो?"

"तुम्ही डॉक्टर कधी झालात?" काका म्हणाले, आणि पेरूची फोड कापून त्यांनी पिंजऱ्यात धरली.

पोपटाने फोड घेतली, मान तिरकी केली आणि स्पष्ट म्हणाला, "श्श!"

काकूंचे डोळे आमच्याकडे वळले. मग पिंजऱ्याला तोंड लावून, आवाज बारीक करून, काका काकूंसारखं म्हणू लागले, "अहो... अहो..."